शेवंती हे आईचं नाव

अमेरिकेत, ट्रॉयच्या हॉस्पिटलात डिस्चार्जच्या आधी जन्माचा फॉर्म भरून द्यावा लागतो. बारशापर्यंत थांबायची सोय नाही. ताईची मुलगी दोन दिवसांची होती. बाळंतपणासाठी पुण्याहून आलेली आई खुर्चीत बसून ताईसाठी डिंकाचा लाडू फोडत होती. फॉर्मवर नावाची जागा तेवढी कोरी होती.

ताईला शेवंती हे नाव ठेवायचं होतं. मी नको म्हटलं. बाई म्हणजे फुलदाणीतली शोभा नव्हे, हे मी चळवळीतल्या बाबांच्या पत्रकांतून लहानपणीच शिकले होते. तेच तिला ऐकवलं.

"पत्रक वाटू नकोस," ताई म्हणाली. "आईचं माहेरचं नाव आहे ते."

कळा येत असताना आईनेच तिला ते सांगितलं होतं. मामा आईला शेवे म्हणायचा, ते मला लाडाचं वाटायचं.

मी विचारलं तेव्हा आईने हातातला लाडू न ठेवताच सांगितलं. आजीचं शेवंतीचं वावर होतं. आधीच्या दोन मुली जगल्या नव्हत्या. शेवंती तोडून टोपलीत टाकली तरी आठ दिवस मान टाकत नाही, म्हणून तिसरीला ते नाव. पुढे लग्न झालं, भटजीशिवाय. फुलांची नावं बायकांना कमी लेखतात असं बाबांचं मत. त्यांनी तिला एक लढाऊ नाव दिलं. तिला विचारलं नव्हतं.

सासरी बाईचं नाव बदलण्याच्या रूढीविरुद्ध बाबांचं एक पत्रक होतं. शाळेत असताना मी ते मंगल कार्यालयाबाहेर वाटलं होतं. त्याच्या घड्या आईने घातल्या होत्या.

राग यायला हवा होता. काहीच आलं नाही. खाली पार्किंगमध्ये बर्फ ढकलणारी गाडी चालली होती, ती बघत राहिले.

ताईने पेन उचललं. "मग ठरलं. शेवंतीच."

"नको," आई म्हणाली. "माझं अजून वापरून झालं नाही."

ताईने दुसरंच एक नाव लिहिलं आणि मी फॉर्म नर्सला नेऊन दिला.

संध्याकाळी बाबांचा व्हिडिओ कॉल आला. नाव त्यांना आवडलं. फुलाबिलाचं नाही हे बरं केलंत, म्हणाले. मग त्यांनी आईला हाक मारली, त्यांनीच दिलेल्या नावाने. फोन माझ्या हातात होता. काय बोलायचं ते मला त्यांच्याच पत्रकामुळे पाठ होतं. मी फोन पुढे केला आणि आईने ओ दिली.