लायकरबाईंची दुसरी निवृत्ती

पुढचं दार वाजलं तेव्हा रोझली लायकरचे हात मनगटाच्या वरपर्यंत पिठात होते. शनिवारी चर्चच्या विक्रीसाठी कोबी-खिम्याचे बन करायचे होते, आणि ती पीठ असं मळत होती की जणू त्याच्याशी तिचं जुनं भांडण आहे.

ती थांबली. हार्कनेस गावात ओळखीचं माणूस पुढच्या दाराने येत नाही. ते मागून, गॅरेजच्या बाजूने येतं, जाळीचं दार आपल्या हाताने उघडतं आणि आत आल्यावर विचारतं, “आहे का कोणी?” पुढचं दार वाजवणारा एकतर काहीतरी विकायला आलेला असतो, नाहीतर काहीतरी मागायला.

“नाही म्हण,” तिचा नवरा व्हर्लिन टेबलापाशी बसून म्हणाला. रेडिओवर गुरांचे भाव चालले होते, त्यातून त्याने डोकंही वर काढलं नाही.

“अजून दार उघडलं नाही मी.”

“म्हणूनच आत्ता सांगतोय. उघडल्यावर तुला जमत नाही.”

दारात केंट ब्रुंगार्ड उभा होता. टाय बांधलेला, हातात डोनटचा खोका. आता तो जिल्ह्यातल्या पाचही सरकारी शाळांचा मुख्य साहेब, पण कधीकाळी पहिलीत रोझलीच्या वर्गात होता आणि शर्टाच्या बाहीला नाक पुसायचा. खोका पाहिल्याबरोबर रोझलीला सगळं कळलं.

“गुड मॉर्निंग, बाई.”

“कोण गेलं, केंट?”

“पहिलीची नवी बाई. ती विचिटा शहरातली मुलगी.” केंट पाय पुसत आत आला. “सोमवारी संध्याकाळी किल्ली ऑफिसात ठेवली आणि गेली. चिठ्ठीसुद्धा नाही हो.”

“मग आत्ता कोण आहे वर्गावर?”

“रप सर.”

“व्यायामाचे रप सर?” रोझलीने पिठाचा हात कपाळाला लावला आणि मग कपाळ पुसलं. “पहिलीची पोरं दोन दिवस शिट्टीवर चालली आहेत?”

 केंटने खोका उघडून व्हर्लिनपुढे सरकवला. व्हर्लिनने एक डोनट उचलला. “खाईन मी, पण मत बदलणार नाही.”

रोझली शिकवायला लागली त्या वर्षी तिच्या वर्गाची हजेरी एखाद्या लग्नाच्या पंगतीसारखी वाटायची. वर्थ, ड्रायलिंग, फानेनस्टील, पुन्हा वर्थ. निम्मी मुलं एकमेकांची चुलत भावंडं, एकाला उवा झाल्या की सगळ्यांना. मग गावाबाहेर गोमांसाचा कारखाना मोठा झाला. आधी व्हिएतनामची माणसं आली, मग मेक्सिकोची, मग सोमालियाची, ब्रह्मदेशातले करेन आणि आता ग्वाटेमालाच्या डोंगरातली. दर वेळी कॉफीच्या टेबलावर कोणीतरी म्हणायचं, झालं, आता आपली शाळा संपली. आजूबाजूच्या गावांतल्या शाळा खरोखरच एकेक करून बंद पडल्या, कारण तिथे मुलंच उरली नव्हती. हार्कनेसच्या शाळेत मात्र बाकं कमी पडत होती. रोझलीला मुलांचा कधी वैताग आला नाही. नावं उच्चारायला शिकायला पहिला आठवडा लागायचा, तेवढंच.

तिला वैताग यायचा तो मोठी माणसं नाहीशी व्हायची त्याचा. आधी वर्गातली मदतनीस बंद झाली. मग ग्रंथालयाची बाई गेली आणि पुस्तकं तशीच कुलपात राहिली. नर्स पाच शाळांत मिळून एक उरली, ती मंगळवारी यायची. म्हणजे पोरांनी मंगळवारीच पडायचं. संगीताचे सर सकाळी बस चालवायचे आणि पहिल्या तासाला धापा टाकत पियानोवर बसायचे. ह्या सगळ्याला कंटाळून, आणि गुडघ्याने हात टेकले म्हणून, रोझली तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाली. केक कापला, रडारड झाली. दीड महिन्यात हाच केंट ह्याच दाराने आला होता, तेव्हाही डोनट घेऊन. ह्या मे महिन्यात ती पुन्हा निवृत्त झाली. ह्या खेपेला केक लहान होता, रडलं कोणीच नाही.

“शुक्रवारी मोजणी आहे, बाई,” केंट म्हणाला.

वीस सप्टेंबरला जितकी मुलं वर्गात हजर, तितक्याच मुलांचे पैसे राज्याकडून वर्षभर मिळतात. त्या एका दिवसासाठी शाळा घरोघर फोन करते, बस दोन फेऱ्या मारते आणि मुलांनी यावं म्हणून फुकट नाश्ता ठेवते.

“ह्या वर्षी तरी डुकराचे सॉसेज नाहीत ना?” रोझलीने विचारलं.

केंटचे कान लाल झाले. गेल्या वर्षी मोजणीच्या सकाळी त्याने मोठ्या हौसेने सॉसेजचा नाश्ता ठेवला, आणि हजेरी व्हायच्या आत निम्म्या सोमाली आया येऊन आपापली पोरं घरी घेऊन गेल्या.

“पॅनकेक आहेत. नुसते पॅनकेक. बाई, मोजणी होईल हो. पण लायसन्स असलेली शिक्षिका मिळाली नाही तर सोमवारी तो वर्ग मोडावा लागेल. सत्तावीस मुलं आहेत. काही दुसऱ्या शाळेत पाठवू, काही सरळ दुसरीत बसवू.”

“दुसरीत? त्यातल्या निम्म्यांना अजून पेन्सिल धरता येत नसेल!”

“माहिती आहे.”

“मग माणसं नेमा ना! मैदानावर तो नवा गुणफलक लावलात, रात्री माझ्या झोपायच्या खोलीत उजेड येतो त्याचा. त्याला पैसे होते?”

“ते वेगळ्या खात्यातले, बाई. बांधकामाचे पैसे पगाराला वापरता येत नाहीत.”

“मदतनीस काढली तेव्हा?”

“ते केंद्राचं खातं होतं, ते बंद झालं.”

“आणि नर्स?”

“ते आणखी वेगळं खातं.”

“केंट, तुझ्या शाळेत मुलांपेक्षा खाती जास्त झाली आहेत.”

व्हर्लिन फिसकन हसला आणि त्याच्या शर्टावर साखर सांडली.

“पंधरा ऑक्टोबरला माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे,” रोझली म्हणाली. “मी येणार नाही.”

“थोडं पुढे ढकलता आलं तर...”

“दोनदा ढकललंय तिने, तुझ्याच शाळेपायी,” व्हर्लिन म्हणाला. “आता जिना चढताना मी तिला ढकलतो.”

केंट उठला. दाराशी जाऊन टायशी चाळा करत उभा राहिला, लहानपणी चूक झाली की उभा राहायचा तसाच. “नुसतं येऊन बघता का? मी सोडतो, मी परत आणतो. रप सरांना दोन गोष्टी सांगा फक्त.”

रोझलीने हात धुतले.

“झालं,” व्हर्लिन म्हणाला. “आणि हे पीठ?”

“फडकं टाक त्याच्यावर. नुसतं बघायला जातेय मी.”

“गेल्या वेळीही नुसतं बघायलाच गेली होतीस!”

वर्गात जागा पुरत नाही म्हणून रप सरांनी मुलांना व्यायामशाळेत आणलं होतं. सत्तावीस मुलं रंगीत पट्ट्यावर ओळीत उभी होती आणि रप सर त्यांच्याकडून अक्षरं म्हणवून घेत होते, कवायतीच्या चालीत. माणूस सहा फुटांचा, मनाने मऊ. रोझलीला पाहताच त्यांचा चेहरा असा उजळला की तिला त्यांची दयाच आली.

“बाई! बघा, शिस्त आहे ना? आणि पोरं प्रेमळ आहेत हो. ती बघा ती, कांदेलारिया. सकाळपासून मला शुभेच्छा देतेय.”

ओळीच्या टोकाला दोन वेण्यांची एक चिमुकली मुलगी उभी होती. तिने एक हात उंच धरला होता आणि तर्जनीवर मधलं बोट चढवलं होतं. हार्कनेसमध्ये एखाद्याचं भलं व्हावं म्हणून बोटं अशी धरतात. रप सरांनीही हसून आपली दोन जाडजूड बोटं एकमेकांवर चढवली आणि तिला दाखवली. “थँक यू, बाळा! तुलाही!”

“रप सर,” रोझली म्हणाली, “ती शुभेच्छा देत नाहीये. तिला लघवीला जायचंय.”

रोझलीच्या वर्गात ही खूण वर्षानुवर्षं चालत आली होती. कोणाची भाषा कोणाला येवो न येवो, बोटं चढवून हात वर केला की बाथरूम. कांदेलारियाचा मोठा भाऊ रोझलीच्याच वर्गात शिकला होता, त्याने बहिणीला शाळेत पाठवण्यापूर्वी घरी एवढं एक शिकवून ठेवलं होतं.

“पण मी सकाळी विचारलं ना तिला, स्पॅनिशमध्ये!” रप सर गडबडले. “बान्यो, बान्यो म्हटलं, म्हणजे बाथरूम. ऑफिसने सांगितलं, तिची घरची भाषा स्पॅनिश आहे.”

“ग्वाटेमालाचं कोणीही आलं की ऑफिस स्पॅनिशच लिहितं. हिच्या घरी किचे बोलतात, तिकडच्या डोंगरातली भाषा. मलाही येत नाही.” रोझली लंगडत मुलीकडे निघाली होती, पण उशीर झाला होता. कांदेलारियाने हात खाली घेतला. रंगीत पट्ट्यावर तिच्या बुटांभोवती ओल पसरत होती. ती रडली नाही. तिने नुसती मान खाली घातली, आणि ते पाहवेना.

“मी जाऊ कसा होतो, बाई?” रप सर हळू आवाजात म्हणाले. “एकीला घेऊन गेलो तर सव्वीस इथे एकटी. सकाळपासून मीही गेलेलो नाही.”

रोझली मुलीला घेऊन गेली. बुधवार होता, नर्सच्या खोलीला कुलूप. हरवलेल्या कपड्यांच्या पेटीतून तिने एक पँट शोधली, कमरेला दोन घड्या घातल्या, मोजे हातसुकवणीच्या यंत्राखाली धरले. यंत्राच्या आवाजाला कांदेलारिया आधी दचकली, मग तिने आपले हातही मोज्यांशेजारी धरले. सगळा वेळ ती रोझलीचा अंगठा सोडत नव्हती.

बाहेर केंट भिंतीला टेकून उभा होता. त्याने सगळं पाहिलं होतं.

“बाई, पगार वाढवून देण्याचं मी बोर्डापुढे मांडतो. दाराजवळ गाडी लावायला जागा देतो. ग्रंथालयाला तुमचं नाव देऊ.”

“कुलूपबंद ग्रंथालयाला?”

केंटचा हात पुन्हा टायकडे गेला.

“ऐक,” रोझली म्हणाली. कांदेलारिया अजून तिच्या अंगठ्याला धरून उभी होती. “उद्यापासून येते मी. वर्ग मोडायचा नाही. पण चौदा ऑक्टोबरला संध्याकाळी मी घरी जाणार, आणि गुडघा मी आता पुढे ढकलणार नाही. तोवर तू माणूस शोध, मग तो कुठल्या का खात्यातून येईना.”

“हो बाई. आणखी काही? सांगा, काय हवं ते सांगा.”

“एकच. रोज सकाळी दहाला, पाच मिनिटं, एक मोठं माणूस माझ्या वर्गात येऊन उभं राहू दे. ज्या पोराला जायचंय त्याला मी घेऊन जाईन. आणि मलाही जायचं असतं, केंट.”