पळसाच्या पानांचा माणूस

ती तिरडी आजही डोळ्यांपुढून हलत नाही. सत्तरच्या दशकात मी नागपूरच्या विणकर वस्तीच्या ठाण्यात फौजदार होतो. घाटाजवळच्या वखारवाल्याने खबर दिली, "साहेब, तिरडी दोघांनीच उचलून नेली. कापडाखाली माणूस नव्हता."

खून करून प्रेत दुसरीकडे पुरलं असावं, असा माझा संशय. राखेत हाड नव्हतं. जळकी करवंटी तेवढी मिळाली.

तिरडी नेणाऱ्या म्हाताऱ्या विणकराला ठाण्यावर आणून दरडावलं.

"पोराचंच शरीर होतं, साहेब," तो म्हणाला. "पळसाच्या देठाची हाडं, नारळाचं डोकं. म्याच सुतानं बांधलं. भटजी म्हणे, मुडदा नसला तं शास्त्रात असं चालते."

"पोरगा मेला, हे कोणी सांगितलं?"

"तुमीच तं."

खरं होतं. पोरगा हरवल्याची तक्रार घेऊन म्हातारा आला, तेव्हा मी साधा बिनतारी संदेशही पाठवला नव्हता. 'मेला असेल कुठे' म्हणून वाटेला लावलं होतं. हे मी आजवर घरीही बोललो नाही.

त्याची सून ठाण्याच्या दाराशी उभी होती. "दहाव्याले बाया बांगड्या फोडाले येतीन. मी हात देणार नाही. तुमाले पंचनाम्याले मुडदा लागते, मंग मलेच काहून पानं दाखवता?"

आता मी नीट चौकशी केली. पोराला हातमाग सोडून खाणीत कामाला जायचं होतं, म्हणून बापाने थापडा मारल्या होत्या. दहाव्याच्या आदल्या दिवशी तो उमरेडच्या खाणीत सापडला.

"बाप बोलावून राहिला का?" त्याने विचारलं.

"बापाने तुला जाळलं. चल."

म्हातारा दारात रडला, पण आडवा उभा राहिला. "तुयं शरीर जाळलं गा म्या. आता कोणत्या शरीरानं घरात घेऊ?"

त्यावरही वाट भटजींनी शास्त्रातूनच काढली: तूप चोळून आंघोळ, नवा जन्म, बारसं, मग त्याच बायकोशी पुन्हा लग्न. मिशीवाल्या बाळाचं डोकं तेवढं पाळण्यात मावलं. लग्नात सुनेने हार हातातच धरून ठेवला.

"ह्या बारीनं जायचं असंन तं सांगून जाशीन?"

"सांगीन वं."

मग तिने हार घातला.

शरीर म्हणजे पुरावा, एवढंच मी शिकलो होतो. त्यानंतर हरवल्याची तक्रार घेऊन कुणाची आई, कुणाची बायको आली की आधी तिला बसवायचो आणि खुणा विचारायचो. त्या बाया स्वतःच्याच अंगावर बोट ठेवून दाखवायच्या: इथे तीळ, इथे लहानपणी भाजलेलं.