खाटेखालची पेटी

बॅटरीबाईला विजेची भीती वाटते, हे तिच्या गिऱ्हाइकांना सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. पत्र्याच्या खोल्या, गच्चीवरच्या खोल्या, गोदामामागचे कंटेनर, जिथे मीटर मिळत नाही तिथे ती छतावर पॅनेल चढवते, खाली बॅटरी ठेवते आणि संध्याकाळी त्या घरात पंखा फिरतो. अकरा वर्षं हेच करते आहे. तरी पहिली वायर जोडताना, चुकून दोन्ही हात लागू नयेत म्हणून, आजही तिचा डावा हात पाठीमागे जातो.

काम ती नवऱ्याच्या हाताखाली शिकली. त्याला भीती कशी ती माहीत नव्हती. एकदा पाना त्याच्या हातातून निसटून बॅटरीच्या दोन्ही टोकांवर आडवा पडला, ठिणगी उडाली, आणि उजव्या डोळ्याची नजर गेली. आता तो घरीच असतो, स्वयंपाक करतो, आणि फोडणीची मोहरी उडाली तरी दोन पावलं मागे सरतो. कामाला ती जाते.

तिची एक पद्धत होती. बोल्ट हाताने बसवायचा, पान्याने आवळायचा, वायर धरून हिसका द्यायचा, आणि हे तिन्ही झालं की वर नेलपॉलिशचा लाल ठिपका. ठिपका आहे म्हणजे झालेलं आहे, पुन्हा बघायचं नाही. सैल बोल्ट डोळ्यांना दिसत नाही. वीज जास्त ओढली की तो तापतो, आणि मग शेजारी लाकूड आहे की गादी, हे बघत नाही.

दोन महिन्यांपूर्वी मोठी नणंद राहायला आली. मुलाशी बिनसलं होतं. नुसतं बसून राहणं वन्संच्या स्वभावात नव्हतं. भावाच्या स्वयंपाकाला नावं ठेवून झाल्यावर त्या वहिनीबरोबर कामावर यायला लागल्या. पिशवी धरायच्या, गिऱ्हाइकाशी गप्पा मारायच्या.

बुधवारी सकाळी बॅटरीबाई स्वयंपाकघरात जमिनीवर बसून वायरी सोलत होती. वन्सं नखं कापत होत्या.

“अगं, ती लाल बाटली संपली बरं का,” वन्सं म्हणाल्या. “परवा ड्रायव्हरकाकांकडे शेवटचं शेवटचं लावलं.”

“काय लावलं?”

“ठिपके. तू वर छतावर होतीस. म्हटलं, तेवढंच तुझं काम वाचेल. आणि माझे बघ जाऊन, तुझ्यासारखे ओघळलेले नाहीत.”

बॅटरीबाईच्या हातातली पक्कड थांबली. “वन्सं, मी आवळायच्या आधी लावलेत की नंतर?”

“आता ते मला काय माहीत! बोल्ट होते, मी लावले.”

तिला सोमवार आठवला. लाकडी पेटीत दोन बॅटऱ्या ठेवल्या, चारही बोल्ट हाताने बसवले, आणि तेवढ्यात पॅनेलची पट्टी हलते म्हणून ती वर गेली. तापलेल्या पत्र्यावर अर्धा तास. खाली आली तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी येत होती. पेटीत चार लाल ठिपके दिसले. तिने झाकण लावलं, पेटी खाटेखाली सरकवली, काकूंनी वर चादर अंथरली, आणि ड्रायव्हरकाकांना तिघींनी मिळून खाटेवर घेतलं.

काकांचं कमरेखालचं अंग अपघातात गेलं होतं. काकू लॉन्ड्रीत कामाला जायच्या आणि जाताना बाहेरून कुलूप लावायच्या. आतून कडी लावायला उठणार कोण?

तिने काकांना फोन लावला. वाजत राहिला. काकूंचा बंद, लॉन्ड्रीत फोन बाहेर ठेवून घेतात.

“बसा मागे,” ती म्हणाली.

“अगं, पण चप्पल तरी...”

“बसा म्हटलं ना!”

मोठ्या नणंदेला ती जन्मात पहिल्यांदा असं बोलली होती. वन्सं एका पायात चप्पल घालून स्कूटरवर बसल्या. वाटेत दोनदा त्यांनी विचारलं, “काही होणार नाही ना गं?” बॅटरीबाईने वेग वाढवला. दोन दिवस काही झालं नाही, ती स्वतःला समजावत होती. पंखा आणि टीव्ही कितीशी वीज ओढतात? मग तिला आठवलं की काकू नवी विजेची किटली घेणार होत्या. एकटे असले तरी काकांना दुपारचा चहा मिळावा म्हणून. चालेल ना, असं त्यांनी विचारलं होतं, आणि तिने मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, बिनधास्त लावा.

“त्या समोरच्या गल्लीत लॉन्ड्री आहे. काकूंना किल्ली घेऊन आणा,” असं म्हणत तिने वन्संना उतरवलं आणि ती गॅरेजमागच्या काकांच्या पत्र्याच्या खोलीकडे पळाली. खिडकीचे गज धरले. आत टीव्ही मोठ्याने चालू होता.

“काका! ड्रायव्हरकाका!”

“कुलूप आहे बाहेरून,” आतून आवाज आला. “काही विकायचं असेल तर मालकीण पाचला येते.”

“मी बॅटरीबाई! किटलीची पिन काढा आधी!”

“आत्ताच तर लावली. दोन मिनिटं थांबा, तुम्हालाही गजातून देतो.”

“काका, हात जोडते. पिन काढा.”

तिच्या आवाजात काहीतरी असावं. काकांनी टीव्ही बारीक केला आणि पिन ओढली.

“खाट गरम लागतेय का?”

“कमरेखालचं मला काय कळतंय, बाई?” ते म्हणाले. मग हवा हुंगून, “वास मात्र येतोय जरा. मला वाटलं, गॅरेजचा.”

तिलाही आला. जळक्या प्लास्टिकचा, गोडसर.

“पायाशी इन्व्हर्टरचं बटण आहे ना, ते काठीने बंद करा.”

काकांनी काठी लांब केली. ती बटणावरून घसरली, पुन्हा घसरली. कपाळावर घाम आला होता, आणि आता ते चेष्टा करत नव्हते. तिसऱ्यांदा टक् असा आवाज झाला आणि पंखा मंदावत थांबला. ती शिडीवरून छतावर चढली, दोरीवरची चादर ओढून पॅनेलवर टाकली आणि चार कोपऱ्यांना विटा ठेवल्या. आता वरूनही वीज येणार नव्हती. पण जे तापलं होतं ते तापलेलंच होतं, वर माणूस होता, आणि दाराला कुलूप होतं. ती खिडकीशी येऊन उभी राहिली. गजातून तिने हात आत घातला. काकांनी तो धरला.

काकू धावत आल्या. कुलपात किल्ली लागेना, ती वन्संनी लावली. काकांना खुर्चीत बसवलं, पेटी ओढली. तीन बोल्ट दोन बोटांनी फिरले. चौथ्यापाशी वायरचं आवरण वितळलं होतं, आणि फळीवर तळहाताएवढा काळा डाग होता. डागाच्या वरच गादीचा कोपरा लोंबत होता.

“मीच...” वन्संनी तोंड उघडलं.

“आवळायचे राहिले माझ्याकडून,” बॅटरीबाई म्हणाली. “चूक माझी आहे, काकू.”

बॅटरीबाईने जळकी वायर बदलली, बोल्ट आवळले, प्रत्येकाला हिसका दिला, पुन्हा आवळले. पेटी खाटेखाली न ठेवता बाहेरच्या भिंतीला लावते म्हणाली.

“बाहेर रात्रीतून चोरीला जाईल,” काकू म्हणाल्या. “आणि पंख्याशिवाय हे या पत्र्याखाली भाजून निघतील. आहे तिथेच ठेवा.”

“पण काकू...”

“आता पक्कं झालंय ना?”

“झालंय.”

“मग बसा इथे, यांच्याजवळ. मला परत जायचंय, अर्ध्या दिवसाचा पगार कापतात. पाचपर्यंत सगळं चालू ठेवा. पंखा, टीव्ही, किटली. मी आल्यावर जा.”

तिघींनी काकांना पुन्हा खाटेवर घेतलं, मग वन्संना घरी पाठवलं. चादर पॅनेलवरून निघाली. काकूंनी जाताना सवयीने बाहेरून कुलूप लावलं. त्याचा आवाज ऐकून बॅटरीबाई दचकली, पण हाक मारायला तिला तोंड नव्हतं.

पंखा फिरू लागला. काकांनी किटलीची पिन हातात घेतली आणि तिच्याकडे बघितलं.

“लावू?”

तिने मान डोलावली. मग ती जमिनीवर बसली, खाटेखाली हात घातला आणि तळवा पेटीच्या फळीला टेकवून धरला. पाणी उकळायला लागलं. फळी कोमट लागत होती. ती ऊब पेटीची होती की तिच्या हाताची, ते तिला कळेना, आणि हात काढायची हिंमत होईना.