बाबांचा मुंबईतला सत्कार

गाव सोडलं त्या सकाळी तिठ्यावर एस्टी उभी असताना बाबांनी गाऱ्हाणं घातलं. कंडक्टर घंटीच्या दोरीला हात लावून थांबलेला आणि बाबा डोळे मिटून देवाला सांगतायत, माझा झील परमुलखात चाललाय, त्याच्या वाटेतला काटा उचल महाराजा. निरोपाला आलेली अख्खी वाडी एका आवाजात 'होय महाराजा' म्हणाली. ड्रायव्हरसुद्धा म्हणाला. मी खिडकीत बसून मनात म्हणत होतो, आटपा आता. मुंबईची घाई मला गावातच लागली होती.

तुम्हां वाडीतल्या मंडळींना गाऱ्हाणं काय ते सांगायला नको. पण माझ्यासारखे जे बाहेर पडले, त्यांच्या पोरांसाठी सांगतो. एकाने सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलायचं आणि बाकीच्यांनी हुंकार भरायचा. हुंकार मिळाला नाही तर बोलणारा उघडा पडतो. आमच्या वाडीत हा मान बाबांचा होता.

ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. मरोळच्या एका कारखान्यात नोकरी, कांजूरमार्गला तिघांत एक खोली. सुट्टीच्या दिवशी करायचं काय? तर कॉलनीत एक क्लब होता. एरवी कॅरम चालायचा, पण महिन्यातल्या एका रविवारी पाहुण्या वक्त्याचं व्याख्यान. कधी शिवकाळ, कधी स्वातंत्र्यलढा, कधी आणीबाणी. आणीबाणीवाला आला की मागच्या रांगेत जुंपायचीच. मला ते सगळं झकास वाटायचं. गावी पत्रं लिहायचो, आमच्या क्लबात मोठमोठे इतिहासकार, पुढारी येतात, मी त्यांच्या मांडीला मांडी लावून बसतो. बसतो कसला! सतरंज्या घालायच्या, स्टेशनवरून पाहुणा आणायचा आणि मग दाराशी उभं राहायचं, एवढंच माझं काम. पण ते कोण लिहितो?

बाबांनी ती पत्रं साऱ्या वाडीला वाचून दाखवली. आणि एका रविवारी, मला काही न कळवता, ते स्वतःच आले.

त्या दिवशी व्याख्यान होतं कोकणच्या किल्ल्यांवर आणि त्या काळच्या राजकारणावर. वक्ते सावंतवाडीकडचे निवृत्त मास्तर, क्लबात कुणी त्यांना पाहिलेलं नव्हतं. मी त्यांना आणायला स्टेशनवर गेलो होतो. एस्टी घाटात बंद पडल्यामुळे सकाळी पोचायचे ते बाबा संध्याकाळी खोलीवर आले. शेजाऱ्याने त्यांना क्लबच्या हॉलवर पाठवलं. धोतर, काळी टोपी, इस्त्रीचा कोट, हातात छत्री. दारात उभे राहून म्हणाले, मी कोकणातून आलोय. बस्स. हेच वक्ते, स्टेशनवर माझी चुकामूक झाली असणार, असं धरून आमच्या सेक्रेटरीने त्यांना हाताला धरून थेट स्टेजवर नेलं. आमच्याकडे सत्कार आधी उरकायची पद्धत होती, कारण भाषण लांबलं की लोक मध्येच उठून जायचे. नारळ दिला, शाल घातली, टाळ्या झाल्या.

बाबांना यात काहीच वावगं वाटलं नाही, हे मुंबईच्या माणसाला नाही कळायचं. आमच्या देवळात भजनाला परगावचा कुणी आला, तर त्याला नाव-गाव विचारायच्या आधी पुढे बसवतात आणि मानाचा नारळ हातात देतात. बाबांना वाटलं, इथेही तशीच रीत. त्यातून हा झिलाचा क्लब.

मी खऱ्या पाहुण्यांना घेऊन दारात पोचलो तेव्हा बाबा माइकसमोर उभे होते. दोन शब्द बोला म्हटल्यावर त्यांनी त्यांना येतं ते केलं होतं. शाल सावरून, डोळे मिटून त्यांचं चाललं होतं, "ही जी काय मंडळी हयसर जमली आसा, तेंका सुखी ठेव महाराजा. माझो झील तेंच्या आधारान ऱ्हवता..." आणि ते थांबले. हुंकारासाठी थांबले.

हॉलमध्ये कुणी बोलेना. पुढच्या रांगेतली एक बाई तोंडाला पदर लावून हसली, मग मागची पोरं. मी दारातून 'होय महाराजा' म्हटलं. एकट्याचं, चिरकं. सगळ्यांनी मागे वळून पाहिलं आणि मग तर हॉलच हसला. जमीन दुभंगावी आणि आम्हा दोघांना पोटात घ्यावं असं वाटलं.

सेक्रेटरी माझ्या शेजारी उभ्या मास्तरांकडे बघतोय, बाबांकडे बघतोय. "अरे, वाट लागली," तो माइकजवळच बोलला. मग मला, "हे कोण रे?"

"माझे बाबा," मी म्हटलं.

तो काही वाईट माणूस नव्हता. पण शाल एकच आणलेली आणि पाहुणे उभे. तो बाबांना म्हणाला, "आजोबा, जरा शाल द्या ना." आणि लगेच मला, "ए, तू एक खुर्ची घेऊन ये, पळ." मी पळालो. मांडीला मांडी लावून बसणारा मुलगा खुर्ची आणायला कसा पळतो, ते बाबांनी वरून पाहिलं. शाल त्यांनी स्वतःच उतरवली, नीट घडी घातली आणि नारळासकट सेक्रेटरीच्या हातात दिली. मास्तर बिचारे नको नको म्हणत होते.

व्याख्यान चांगलं झालं म्हणे. मला त्यातलं अक्षर आठवत नाही. बाबा सतरंजीवर शेवटपर्यंत ताठ बसून होते. खोलीवर जाताना एवढंच म्हणाले, "माका वाटला, तुमच्याकडे पण आयल्या-गेल्याक मान देवची रीत आसा." मला त्यांच्याकडे बघवेना. दुसऱ्या दिवशी ते परत गेले आणि पुन्हा कधी मुंबईला आले नाहीत.

मे महिन्यात गावी गेलो तर वाडीत माझंच कौतुक. बाबांनी सांगितलं होतं, मुंबईत त्यांचा सत्कार झाला, भरल्या सभेत गाऱ्हाणं घातलं, झिलाला तिथे मोठा मान आहे. शाल कुठाय म्हणून आईने विचारलं तर म्हणाले, झिलाकडे ठेवली, थंडीत त्याला होईल. आईने मला विचारलं, पांघरतोस ना रे? कांजूरला कसली आलीय थंडी! मी मान डोलावली. बाबा ओटीवर सुपारी कातरत होते, त्यांनी वरही पाहिलं नाही.

जन्मात खोटं न बोललेला माणूस. माझी पत्रं खोटी ठरू नयेत म्हणून बोलला.

बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. मुलुंडला माझा फ्लॅट आहे, दारावर माझ्या नावाची पाटी आहे, घर कुठे म्हणून विचारलं की मी तोच पत्ता सांगतो. आणि वाडीत आलो की तुम्ही देवळात मला पहिली खुर्ची देता, ज्याच्या बापाला मुंबईने शाल घातली तो म्हणून. दर खेपेला कान तापतात. दर खेपेला बसतो.

आता तुम्हांला सगळं कळलं. बाबांना हसू नका, तो खोटेपणा त्यांचा नव्हता. पुढच्या खेपेला येईन तेव्हा मला खुर्ची देऊ नका, खाली तुमच्यात थोडं सरकून घ्या. तेवढी जागा मिळाली, तर माझं घर अजून तिथेच आहे म्हणेन.