मोर्चाच्या फलकावरची बयाबाई

१४ डिसेंबर २०२४. दोन जीव गेले : एक बाई, एक म्हैस.

बाईचे नाव बयाबाई. माहेर गडमुडशिंगीचे, सासर कोल्हापुरात, पेठेच्या टोकाला नदीकडच्या गोठ्यावर. नवरा आकाराम. रोज संध्याकाळी म्हशी पेठेतल्या दूधकट्ट्यावर न्यायच्या, गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसाळ दुधाचा पेला त्याच्या हातात द्यायचा, हा दोघांचा धंदा. पुढे आकारामची मोटारसायकल, तिच्या आवाजामागे ओळीने म्हशी, सर्वांत शेवटी काठी घेऊन बयाबाई. रेडकू असल्यापासून म्हशीला त्या एका गाडीच्या आवाजाची सवय लावलेली असते. आवाज लांब गेला की ती जागीच उभी राहते आणि मालक परत येईपर्यंत हलत नाही.

वाटेतल्या चौकात सिग्नलवर कॅमेरा बसला, आणि ही सवय गुन्हा ठरली. हिरवा दिवा सगळ्या ओळीला पुरत नसे. मागे राहिलेली म्हैस आणायला आकाराम गाडी वळवी, तोवर लाल लागलेला असे. कॅमेरा फोटो काढी, दंड मोबाइलवर येई. चौकातल्या हवालदाराला त्याने एकदा समजावून पाहिले.

"साहेब, म्हैस दिवा बघत न्हाय. गाडीमागं चालती."

"मग म्हशीला नंबरप्लेट लाव. दंड तिच्या नावावर येईल."

रिक्षावाले हसले. बयाबाई हसली नाही. "आन् तुमच्या कॅमेऱ्याला शेण काढायला पाठवा आमच्याकडं," ती म्हणाली. "नुसता डोळं वटारून उभा हाय."

पुढच्या खेपेला गाडी जप्त होईल, अशी ताकीद मिळाली. गाडी गेली असती तर एकही म्हैस गोठ्याबाहेर पडली नसती. तेव्हापासून आकाराम मागे वळेनासा झाला.

त्या संध्याकाळी शेवटची म्हैस चौकाच्या मधोमध अडली. आकाराम पलीकडे पोचला होता. त्याने कॅमेऱ्याकडे पाहिले आणि गाडी वळवली नाही. जागीच उभा राहून तो गाडीचा आवाज करीत राहिला. म्हैस हलली नाही, म्हणून बयाबाई तिला हाकायला पुढे झाली. आडव्या रस्त्याचा दिवा हिरवा झाला, आणि एक पांढरी जीप वेग न आवरता दोघींवर आली. मग मात्र आकाराम लाल दिव्यातून परत गेला. कॅमेऱ्याने त्याचा फोटो काढला. जीपचा काढला नाही. तिचा दिवा हिरवा होता.

जीप राजवीर चालवीत होता. आकारामने त्याला पाहिले, चहाच्या गाड्यावरच्या सगळ्यांनी पाहिले. पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा मात्र त्या वेळी गाड्यावर कुणीच नव्हते, असे ठरले. राजवीर हा, जिच्या शब्दावर पेठ चाले त्या तालमीचे अध्यक्ष विजयसिंह यांचा पुतण्या.

बाराव्याच्या दिवशी आकारामच्या मोबाइलवर त्या संध्याकाळचा दंड आला. ती गोष्ट पेठेत पसरली आणि जो तो संतापला. त्या कॅमेऱ्याने पेठेतल्या घरटी कुणाला ना कुणाला दंड लावला होता. रागाला आता एक मृत बाई मिळाली. विजयसिंह गोठ्यावर आले.

"तात्या, रविवारी मोर्चा. तुमी फुडं चालायचं. काकूंचा फोटो मोठा करून घेतलाय."

"चालतो की."

"मायकावर एवढंच सांगा, कॅमेऱ्याच्या भ्यानं परत फिरलो न्हाय."

"सांगतो. खरंच हाय ते. माझी चूक मी मायकावर सांगतो. राजवीरनं त्याची सांगावी."

विजयसिंहांनी म्हशीच्या पाठीवर हात ठेवला, मग काढून घेतला. "पोरगं हाय ते. आन् दिवा हिरवा हुता त्याला."

"हिरव्यात बाई दिसत न्हाय व्हय?"

"तात्या, भांडण कॅमेऱ्यासंगं हाय. पेठेत फूट पाडू नका."

"फूट? तिच्या तोंडात पाणी घालाय कोण आलं नव्हतं, दादा. तवा कुठं हुती पेठ?"

विजयसिंह वळले. "फोटो आमी न्हेणारच. ती पेठेचीबी हुती," एवढे बोलून ते गेले.

यंत्राविरुद्ध एक होणे सोपे असते. त्याला काका नसतो, भावकी नसते, ते उद्या कट्ट्यावर समोर येऊन बसत नाही. माणसाचे नाव घ्यायचे तर शेजार तोडावा लागतो, आणि शेजार तोडायला पेठ तयार नव्हती. तिचा राग खोटा नव्हता. तो सोयीच्या जागी वळवलेला होता.

रविवारी हलगीच्या कडकडाटात मोर्चा चौकात आला. पुढच्या फलकावर बयाबाई होती. खाली मोठ्या अक्षरांत लिहिले होते, 'कॅमेऱ्याचा बळी'. आकाराम बाजूच्या गर्दीतून आला आणि त्याने फलक दोन्ही हातांनी धरला.

"ही कॅमेऱ्यानं मेली न्हाय," तो ओरडला. "मी भ्यालो आन् राजवीरनं गाडी घातली!"

हलगी थांबली. गर्दीतल्या ज्यांनी ज्यांनी ते पाहिले होते त्यांची नावे आकारामला ठाऊक होती, आणि तो एकेकाच्या तोंडाकडे पाहू लागला. ज्याच्याकडे पाही तो मागच्या रांगेत सरके.

"म्हातारं भरमिटलंय. वाजवा रं!" विजयसिंह म्हणाले.

हलगी आधीपेक्षा मोठ्याने वाजू लागली. चौघांनी फलक ओढून घेतला. आकाराम पडला, मोर्चा त्याला वळसा घालून पुढे गेला.

महिन्याभरात तो कॅमेरा बंद झाला. त्याने लावलेले सगळे दंड रद्द झाले, आकारामचाही. तालमीने पेढे वाटले. आकारामच्या म्हशींकडे आता पेठेचे गिऱ्हाईक फिरकत नाही. परगावचे पाहुणे येतात, पितात, जातात. दर सोमवारी तो पोलीस ठाण्यात जाऊन जीपचे काय झाले ते विचारतो. तुम्ही नवरा, दुसरा साक्षीदार आणा, असे त्याला सांगितले जाते.

राजवीरचा जबाब अजून नोंदवलेला नाही. बयाबाईच्या जिवाचे देणे कुणीही फेडलेले नाही.