मांडणीची जागा

हैदराबादला निघाले तेव्हा माझ्याकडे कपड्यांची एक बॅग होती आणि चादरीत गुंडाळलेली आईची स्टीलची मांडणी. पालेगावचं आमचं घर नुकतंच बिल्डरला दिलं होतं. कात्रपच्या नव्या फ्लॅटमध्ये भांड्यांना ट्रॉल्या, मांडणीला भिंतच नाही. मला तिकडच्या एका मोठ्या स्टुडिओत मराठी मालिकेचं स्वयंपाकघर सजवायचं काम मिळालं होतं, आणि कोरी भांडी कॅमेऱ्यात खोटी दिसतात. म्हणून आईने वापरातले पेले, ताटंही दिली. म्हणाली, "महिन्याभरात परत आण. उसनी देतेय, आंदण नाय."

माझ्यासारखे जे निघाले, त्यांना हा महिना किती लांबतो ते सांगायला नको. स्टुडिओचा कायदाच असा, की शॉटमध्ये एकदा आलेली वस्तू मालिका संपेपर्यंत हलत नाही. रोज पॅकअपला मी मांडणीचा फोटो काढायचे आणि सकाळी तो बघून एकेक पेला जागच्या जागी लावायचे. त्या घराला तीनच भिंती, नळाला पाणी नाही, खिडकीबाहेर रंगवलेलं आभाळ. "घेतलं तिथं ठेव" हे आईचं जुनं पालुपद आता माझं पोट भरत होतं.

आई मालिका बघायची ती फक्त मांडणीसाठी. सासू-सुनांच्या भांडणाशी तिला काही देणंघेणं नव्हतं. भाग संपला की फोन. "तुझ्या त्या हिरॉइननी चहाचा पेला उताणा ठेवलाय. धूळ बसेल ना त्यात!" मी चिडायचे, आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप पेला पालथा करायचे. शॉटला शॉट जुळवायची कंटिन्युइटी गेली खड्ड्यात.

तीन वर्षांनी मालिका संपली. सेटवरचं आमचं ते तीन भिंतींचं घर एका दुपारीत पाडलं. मी मांडणी घेऊन कात्रपला आले आणि विचारलं, "कुठे लावायची?" भंगारात दे म्हणाली तर, या धास्तीने माझा जीव अर्धा झाला होता. आईने हॉलभर नजर फिरवली आणि टीव्ही भिंतीवरून उतरवायला लावला. "त्यात आता काय बघायचंय?"

मी परत हैदराबादला आले. घर कुठलं, असं कुणी विचारलं की अजूनही पटकन सांगता येत नाही. पण मालिका लागायची त्या वेळेला आई मोबाइलवर मांडणीचा फोटो पाठवते, आणि आता फोन मी करते.

"आई, चहाचा पेला उताणा आहे."

"माहितेय," ती म्हणते. "तू येशील तेव्हा पालथा कर."