सुमनताईबरोबर काजळी नदीवर

आंबा घाटाच्या माथ्यावर थांबलो तेव्हा दरीत अजून धुकं होतं आणि माझी थोरली बहीण, सुमनताई, मागच्या ट्रेलरमध्ये पाय लांब करून पडली होती. हा ट्रेलर म्हणजे दोन चाकांवरची छोटी खोलीच. माझ्या नवऱ्याने, शेखरने, तो कोल्हापुरातल्या आपल्या वर्कशॉपमध्ये खास तिच्यासाठी बांधला. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर तिला फार वेळ बसवत नसे. म्हणून ती गाडीत बसायची आणि थांबलो की ट्रेलरमध्ये पाठ टेकायची. जन्मभर शाळेत मुलींना खो-खो शिकवलेली ही बाई आजारपणापासून घराबाहेर पडेनाशी झाली होती. नदीतून होडीने फिरायचं, एवढ्या एकाच गोष्टीला तिने होकार दिला होता.

साखरप्याला घावणे (तांदळाची जाळीदार धिरडी) आणि ओल्या नारळाची चटणी खाल्ली. हॉटेलवाले काका ट्रेलरभोवती फिरून बघत होते. ताईने त्यांना दारातून बिछाना, पंखा, सगळं दाखवलं. मग पाली, हातखंबा करत रत्नागिरी गाठली. भाट्याच्या पुलावर उजवीकडे समुद्र चकाकत होता आणि डावीकडे काजळी नदी, हिरवीगार, आत आत वळत गेलेली.

आमची होडी नदीकाठच्या एका गावातून सुटणार होती. होडीच्या मालकीणबाई, सुनंदावहिनी, फोनवर म्हणाल्या होत्या की दुपारच्या भरतीलाच पोचा, तेव्हा होडी धक्क्याला लागते.

आम्ही वेळेत होतो. पण गावातला रस्ता दोन्हीकडच्या गडग्यांमधून (जांभ्या दगडांच्या बुटक्या भिंती) जात होता आणि एका वळणावर ट्रेलर अडकला. शेखरने मागे घ्यायचा प्रयत्न केला तसा तो आणखी तिरका झाला. मागे एक टेम्पो येऊन थांबला. शेवटी टेम्पोवाला आणि आजूबाजूची माणसं जमली, ट्रेलर गाडीपासून सोडवला आणि सगळ्यांनी उचलून वळवला. एक आजोबा सावलीत बसून, आता डावीकडे, आता उजवीकडे, असं सांगत होते. त्यांचं कोणी ऐकत नव्हतं.

धक्क्यावर पोचलो तर सुकती (ओहोटी) लागली होती. होडी दूर पाण्यात आणि मध्ये घोटाभर चिखल. शेखरचा चेहरा उतरला. मी ताईला हळूच म्हटलं, उद्या येऊ. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"इथवर काय चिखल बघायला आले? कसं न्यायचं ते तुम्ही ठरवा. मी येणार."

सुनंदावहिनींनी पदर खोचला. "वायच थांबा, ताई. पाणी उतरलंय, पण माणसं हायत ना."

त्यांनी घरातून प्लास्टिकची खुर्ची आणवली. ट्रेलर उचलणाऱ्यांपैकीच चौघे पुन्हा आले आणि ताईला खुर्चीसकट घेऊन चिखलातून निघाले. मध्येच एकाची चप्पल रुतली, खुर्ची एका बाजूला कलली. ताई मात्र चौघांना पावलं एका तालात टाकायला सांगत होती, थेट मैदानावरच्या आवाजात. मी तो आवाज कितीतरी दिवसांनी ऐकला.

मग नदी. दोन्ही काठांना खारफुटी, वर माडांच्या रांगा, एका काठीवर बसलेला निळाशार खंड्या. सुनंदावहिनींचा नवरा बोटीवर खलाशी, वर्षातले कितीतरी महिने बाहेर. होडी त्याच चालवतात. ताईने त्यांना सुकाणूबद्दल इतकं विचारलं की त्यांनी ते तिच्या उजव्या हातात देऊनच टाकलं. होडी नागमोडी जात खारफुटीत घुसायला आली आणि बगळ्यांचा थवा आमच्या डोक्यावरून उडाला. सुनंदावहिनी हसत सुटल्या, त्यांचं बघून आम्हीही.

संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर मुळ्यांचं (खाडीतल्या शिंपल्यांचं) झणझणीत सुकं आणि भाकरी जेवलो. ताईने भाकरी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला परतलो. काही अडचण न येता फिरवून आणलं म्हणजे ट्रिप चांगली झाली, असं मी निघताना धरून चालले होते. ट्रेलर अडकला नसता तर ती माणसं आम्हाला भेटलीच नसती. ताईचीही नव्याने ओळख झाली नसती.

संध्याकाळी शेजारच्या बायका आल्या. मी नदीचं वर्णन सुरू केलं तर ताईने मला अडवलं आणि स्वतःच पहिल्यापासून सांगायला बसली. घाटापासून गडग्यापर्यंत येतानाच तिने अर्धा तास घेतला. मी आत जाऊन चहाचं आधण वाढवलं.